देवगिरीच्या पायथ्याशी अंगठ्याएवढी माणसं

मॅडम ओल्या गवतात गुडघे टेकून बसल्या आहेत आणि दातांचे डॉक्टर वापरतात तो लांब दांड्याचा छोटा आरसा त्यांनी एका पांढऱ्या छत्रीखाली सरकवला आहे. रात्रभर पाऊस होऊन गेलाय. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात चांदमिनाराजवळच्या हिरवळीत ठिकठिकाणी छत्र्या उगवल्यात, त्यातली सगळ्यात मोठी चांगली जेवणाच्या ताटलीएवढी आहे. वरून पांढरी, मधोमध तपकिरी खपल्या.

"किल्ल्याच्या आवारातलं काही तोडायचं नाही, म्हणून हा आरसा," मॅडम म्हणतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर पावसाळा लागला की त्या अळंब्यांच्या मागे हिंडतात. आज मी त्यांच्यामागे हिंडतोय.

आरशात छत्रीची आतली बाजू दिसते. पातळ पातळ पडद्या, दांड्यापासून कडेपर्यंत ओळीने लावलेल्या. कोवळ्या छत्रीच्या पडद्या पांढऱ्या आहेत, शेजारच्या जून छत्रीच्या हिरवट. तो हिरवट रंग पाहून मॅडम मान डोलावतात. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. जगभर हिरवळीवर उगवते, दिसायला अगदी खाण्याजोगी, आणि पोटात गेली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवं करते. हिरवा रंग तिच्या बीजाणूंचा. कोवळेपणी तो दिसत नाही, आणि लोक फसतात ते नेमके कोवळीला.

"मॅडम, हीच का ती?"

मागे कॉलेजची तीन पोरं उभी आहेत. एकाच्या हातातल्या मोबाइलवर रील चालू आहे. चिनी हॉटेल, उकळता रस्सा, त्यात सोडलेल्या अळंबीच्या चकत्या, आणि मग कार्टूनमधले वीतभर बुटके भिंतीवरून सरसर चढताहेत.

"जी खाल्ली की छोटी छोटी माणसं दिसतात, ती?"

"ती नव्हे ही. ती इथे उगवत नाही," मॅडम गुडघे झटकत उठतात. पोराचा चेहरा पडतो. एवढा चेहरा पडण्यासारखं यात काय आहे, असं माझ्या मनात येतं, आणि मग कळतं की हे तिघे चांदमिनार बघायला आलेलेच नाहीत.

रविवार आहे, उद्या श्रावणी सोमवार. वेरूळच्या रस्त्याला घृष्णेश्वराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आत्तापासूनच लागलीय आणि तिचे भोंगे इथे तटाच्या आतही ऐकू येतात. आम्ही काळाकोटाकडे चालू लागतो. पोरं आपोआप मॅडमच्या मागे येतात. निवृत्त मास्तरणीला विद्यार्थी मिळाले की तिचा वेग वाढतो, हे मी आज डोळ्यांनी बघतोय.

रीलमधली गोष्ट खोटी नाही, हे त्या आधीच सांगून टाकतात. ती अळंबी चीनच्या युन्नान प्रांतातली. लानमाओआ एशियाटिका हे शास्त्रीय नाव तिला अलीकडेच मिळालं, पण तिथले लोक तिला पिढ्यान् पिढ्या खात आलेत. छत्रीखाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रं असतात, आणि बोटाने दाबलं की दाबलेली जागा निळी पडते. जून ते ऑगस्ट या पावसाच्या दिवसांत कुनमिंगच्या बाजारात तिचे ढीग लागतात. चवीला उत्तम, म्हणून महाग. नीट शिजवली तर काही होत नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन 2023 साली बीजिंगला गेल्या तेव्हा त्यांनीही अशीच निळी पडणारी अळंबी खाल्ली होती आणि त्यांना काही झालं नाही. गडबड होते ती कच्ची राहिली तर. कॉलिन डोमनौअर हा युटा विद्यापीठातला संशोधक या अळंबीचा माग काढत युन्नानला गेला होता. तिथल्या हॉटेलात वाढणाऱ्या माणसाने टेबलावर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि बजावलं, की हा वाजेपर्यंत तोंडात घालू नका, नाहीतर छोटी माणसं दिसतील.

"आणि दिसली तर?" पोरगा विचारतो.

"खाल्ल्यावर लगेच नाही दिसत. बारा तास, कधी चोवीस तास जातात. माणूस जेवून झोपून उठलेला असतो. मग दाराच्या फटीतून आत येताना दिसतात, भिंतीवर चढतात, खुर्चीच्या पायाला लटकतात. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. काहींना त्याहून जास्त, मग दवाखाना. युन्नानच्या दवाखान्यांत दर पावसाळ्यात असे पेशंट येतात, शेकड्यांनी."

"भारी!"

"तीन दिवस भारी राहतं का बघ," मॅडम म्हणतात आणि चिनी महालाच्या निळ्या फरशांकडे बघत पुढे होतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाने इथे कैदेत ठेवला होता. फरशांचे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. पोरांनी तिकडे पाहिलंही नाही.

मेंढा तोफेपाशी दुसरा पोरगा मुद्द्यावर येतो. आपल्याकडे का उगवत नाही? मॅडमचं उत्तर सरळ आहे. ही अळंबी एकटी जगत नाही, झाडाच्या मुळांशी तिची भागीदारी असते आणि युन्नानात तो भागीदार म्हणजे चीड. देवगिरीच्या या काळ्या कातळावर कडुलिंब आहे, सीताफळ आहे, घाणेरी आहे. चीड कुठून आणणार? मग शेणावरची? शेणावर उगवणाऱ्या काही अळंब्यांत सायलोसायबिन असतं, त्याने रंग वितळतात, आकार हलतात, पण अंगठ्याएवढी माणसं ही काही त्याची ओळख नव्हे. "शिवाय ते 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे," मॅडम जाता जाता सांगतात. पोरं एकमेकांकडे बघतात.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच घोळतंय. नशेत माणसाला काहीबाही दिसतं, यात नवल नाही. एकाला साप दिसेल, दुसऱ्याला मेलेला आजा. पण युन्नानमधला शेतकरी, बाजारातली बाई, शहरातला कारकून, कच्ची अळंबी खाल्ली की बहुतेकांना दिसतात ती छोटीच माणसं. तिकडे कानावर आलेल्या गोष्टींचा हा परिणाम म्हणावा, तर फिलिपिन्सच्या डोंगरांतही एक अळंबी खाल्ल्यावर असाच अनुभव येतो, आणि डोमनौअरने डीएनए तपासला तर ती हीच जात निघाली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातही अळंबी खाऊन वेडावणाऱ्या माणसांच्या नोंदी गेल्या शतकात झाल्या. रॉजे एम आणि गॉर्डन वॉसन हे अळंब्यांचे अभ्यासक तिकडे जाऊन आले, नमुने रसायनशास्त्रज्ञांकडे गेले, हाती काही लागलं नाही. युन्नानच्या अळंबीतलं ते द्रव्य कोणतं, हे आजही सापडलेलं नाही. सायलोसायबिन नाही, एवढं नक्की. प्रत्येकाच्या मेंदूत छोट्या माणसांचं एक दार असावं आणि या अळंबीकडे त्या दाराची किल्ली असावी, असं मला वाटू लागतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणतील, वाटू देत, पुरावा आण.

खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की अंधेरी हा भुयारी मार्ग. तोंडाशीच वटवाघळांचा वास नाकात जातो. पायऱ्या उंचसखल, एकीची उंची दुसरीला नाही. शत्रूचा पाय चुकावा म्हणून मुद्दाम तशा. आमच्याबरोबर एक म्हातारे गाइड आहेत, डोक्याला जाळीची टोपी, हातात बॅटरी. जुन्या काळी मशाल असायची म्हणतात.

"थांबा. आता बत्ती बंद करतो. कुणी हलायचं नाही, साहेब."

बत्ती जाते.

काळोख असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापणीला हात लावून तपासावं लागतं. थोडा वेळ काही नाही. मग जांभळे ठिपके. ठिपक्यांच्या जाळ्या. वर कुठेतरी पंखांची फडफड, आणि त्या आवाजासरशी ठिपक्यांना आकार येऊ लागतो. माझ्या उजव्या हाताला कुणीतरी टेकून उभं आहे, असं मला स्वच्छ जाणवतं.

"समोर कोण आहे?" मोबाइलवाल्या पोराचा आवाज चिरका निघतो.

"कोणी नाही, बेटा," गाइड बत्ती लावतात. माझ्या उजव्या हाताला नुसती भिंत आहे. "शत्रू इथंच मरायचा. अंधारात आपलाच माणूस परका वाटायचा. आपसातच कापाकापी. आणि पुढं उजेड दिसला म्हणून पळाला, तर थेट खंदकात."

गाइड हे पाठ केलेलं बोलतात, रोजचं आहे. पण मॅडम आणि पोरांचं अळंबीपुराण त्यांनी पुलापासून ऐकलंय. वर उजेडात आल्यावर, गणपतीच्या देवळापाशी दम खाताना, ते हळूच विषय काढतात.

"आमच्या अब्बांनी अळंबी कधी चाखली नाही, मॅडम. पण त्यांना दिसायची."

"काय दिसायचं?"

"छोटी वरात. भिंतीवरून जायची. एवढी एवढी माणसं," ते अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवतात, "घोडा, नवरदेव, मागं बायका. आवाज नाही काही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. अब्बा हसायचे. म्हणायचे, खरं नाही हे, मला ठावं आहे, पण कपडे काय घातलेत बघ! आम्ही घाबरलो. खुलताबादला नेलं, धागा बांधला, ताईत बांधला."

"मग?"

"मग शिबिरात ऑपरेशन झालं. वरात गेली. अब्बा म्हणे, बिचारे गेले कुठं?"

मॅडम हसत नाहीत. डोळ्यांकडून खबर येणं कमी झालं, की मेंदू आपल्या पदरचं दाखवू लागतो, त्या सांगतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉनेने 1760 साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलं. त्यांनाही मोतीबिंदू होता आणि नसलेली माणसं दिसत होती, डोकं मात्र शाबूत. आजही या प्रकाराला बॉनेचंच नाव आहे. पुष्कळ म्हाताऱ्यांना असं दिसतं आणि वेड लागलं म्हणतील या भीतीने ते घरात बोलत नाहीत. गाइड लक्ष देऊन ऐकतात, टोपी काढून डोकं पुसतात आणि म्हणतात, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

आणखी वर, बारादरीच्या महालात, वारा आहे. पोरं कठड्याला लगटून उभी राहतात आणि खाली बघून एकजण ओरडतो, "ही घ्या छोटी माणसं!"

खरंच, खाली महाकोटातल्या वाटेवर माणसं नखाएवढी दिसतात. लाल साडी, निळी छत्री, पिवळा रेनकोट. मॅडमना शिकवायला धडा मिळतो. "पण चांदमिनार केवढा दिसतोय?" त्या विचारतात. साठ मीटरहून उंच मिनार इथून करंगळीएवढा आहे. "म्हणजे सगळंच लहान झालंय. त्यामुळे तुला भीती वाटत नाही, तुझा मेंदू अंतराचा हिशेब करून घेतो. काही आजारांत तर जवळच्या वस्तूही अशा लहान दिसतात. ते निराळं. युन्नानच्या पेशंटची खोली खोलीएवढीच असते, चहाचा कप कपाएवढा. त्या कपामागून जो डोकावतो, तेवढाच अंगठ्याएवढा."

या फरकावर मी बराच वेळ अडकून राहतो. राउल लरॉय नावाच्या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने 1909 साली अशा भासांचं वर्णन केलं आणि त्यांना गलिव्हरच्या प्रवासातल्या लिलिपुटांचं नाव दिलं. रंगीत कपड्यांतली, सतत हलणारी, बहुधा गमतीची माणसं, असं त्याचं वर्णन आहे. गाइडांच्या अब्बांची वरात त्यात जशीच्या तशी बसते. आणि आपल्याकडे तर अंगठ्याएवढ्या ऋषींची अख्खी जमातच आहे. साठ हजार वालखिल्य. महाभारतात ते झाडाच्या फांदीला खाली डोकं करून लटकलेले असतात. गरुडाच्या भाराने ती फांदी मोडते आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून तो ती चोचीत धरून उडत राहतो. इथून थोड्या अंतरावर वेरूळच्या लेण्यांत शिवाभोवती बुटके, पोट सुटलेले गण मस्ती करताहेत. यावरून आपल्या पूर्वजांनी काय खाल्लं असेल याचे तर्क लढवणारे लोक मला भेटलेत. मला तो खेळ पटत नाही. छोटं माणूस कल्पायला अळंबी लागत नाही, लहान मूल पाहिलेलं पुरतं.

बारादरीच्या वर जनार्दन स्वामींचं स्थान आहे. ते या गडाचे किल्लेदार, आणि पैठणचा पोरवयातला एकनाथ त्यांच्याकडे इथे आला. दत्त मलंगाच्या वेषात आले आणि एकनाथांना आधी ओळखू आले नाहीत, ही कथा इथलीच. पोरांपैकी एकजण त्याबद्दल काही बोलू पाहतो. मॅडम हाताने थांबवतात. बरं करतात. दर्शन आणि विषबाधा यांना एका पंगतीला बसवायची मलाही हौस नाही.

उतरायला वेळ लागत नाही. दरवाज्याबाहेर मक्याची कणसं भाजणं चालू आहे, धुराने डोळे चुरचुरतात. कडेला एक आजी टोपली घेऊन बसल्यात. उद्याच्या सोमवारसाठी बेल, पांढरी फुलं, आणि काटेरी हिरवी बोंडं.

मॅडम टोपलीतलं एक बोंड उचलतात. "तुम्हाला छोटी माणसं बघायची होती ना? त्यासाठी चीन कशाला हवा? ही घ्या."

धोतरा. महादेवाला वाहायचा. तटाच्या कडेने, उकिरड्यावर, शेताच्या बांधावर पावसात माजतो. मॅडम बोंड उलटंपालटं करून दाखवतात, बोथट काटे, देठाशी वाळलेल्या फुलाची कॉलर. आत चपट्या बिया दाटीने बसलेल्या. त्यात अॅट्रोपिन, स्कोपोलामिन. पोटात गेलं की तोंडाला कोरड, अंग तापतं, लघवी अडते, डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की उजेड सोसत नाही. आणि मग भास. माणूस हवेतून काहीतरी चिमटीने वेचत बसतो, पांघरुणावरचे नसलेले किडे झटकतो, नसलेल्या लोकांशी बोलतो. विषशास्त्राच्या पुस्तकांत या विषबाधेच्या लक्षणांतही छोट्या माणसांचा भास नोंदवलेला असतो. फरक एवढाच, की गाइडांच्या अब्बांना ती खोटी आहेत हे कळत होतं आणि धोतरा खाल्लेल्याला ते कळत नाही. तो त्यांच्या मागे गच्चीवरूनही चालत जातो.

"दारूचंही तेच," कणीसवाला मध्येच म्हणतो. "आमचा शेजारी सोडतो सोडतो म्हणून एकदम सोडून बसला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर उंदरं, माणसं, काय काय दाखवायला लागला."

मॅडम मान डोलावतात. तेही खरंच, आणि तेही दवाखान्यातच न्यायचं.

धोतऱ्याची ही कीर्ती जुनी आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही उपचाराला जात असे. हा दौलताबादही तेव्हा निजामशाहीतच. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात धोतऱ्याचं प्रकरण आहे. चोर अन्नात धोतरा कालवतात, खाणारा खुळ्यासारखा हसत सुटतो आणि उदार होऊन अंगावरचे दागिने काढून देतो. पुढे इंग्रजी अमलात धोतरा चारून वाटसरूंना लुटणाऱ्या टोळ्यांनी न्यायवैद्यकाच्या पुस्तकांची पानं भरली.

आजी हे सगळं ऐकून घेतात. मग म्हणतात, "देवाला चालतं, बाई. आपल्याला नाही. लेकरांच्या हाताला लागू देत नाही मी."

"आणि छत्र्या?" मी विचारतो.

"कुत्र्याच्या छत्र्या कोण खातं? वारुळावर येते ती येगळी. ती आमच्या सासूनं दाखवली, तेवढीच खातो. नवी दिसली की पुढं चालायचं."

मोबाइलवाला पोरगा अजून हरलेला नाही. "किड्यांनी खाल्लेली असेल तर ती माणसाला चालते ना? आणि चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे विषारी नाही."

"किड्याचं पोट आणि तुझं पोट एक आहे का?" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढतो. "नाण्याने काही कळत नाही. लसणाने नाही, तांदळाने नाही. चिनी अळंबी शिजवली की निवते, म्हणून सगळ्याच निवतात असं समजू नकोस. ज्या अळंब्या जीव घेतात त्यातल्या काहींचं विष उकळूनही जसंच्या तसं राहतं. आणि त्या काही दाखवत नाहीत रे, छोटी माणसं नाही, मोठी माणसं नाही. सहा-बारा तास सगळं ठीक असतं. मग उलट्या. मग एखादा दिवस बरं वाटतं. मग यकृत जातं."

पोरगा मोबाइल खिशात घालतो आणि कणीस मागतो. लिंबू, तिखट, मीठ. सगळ्यांचे पैसे तो देतो.

पावसाळ्यात दौलताबादला याल तेव्हा हिरवळीतल्या छत्र्या जरूर बघा, वाकून खालून बघा, फोटो काढा, पण घरी नेऊ नका आणि पोरांना चाखू देऊ नका. कुणी खाल्लीच, तर मीठपाणी पाजून ओकवत बसू नका, उलटी होण्याची वाटही बघू नका. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, कागदात गुंडाळून पेशंटबरोबर घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि ती किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना आधी सांगा. सहा तास उलटल्यावर उलट्या सुरू झाल्या असतील तर ते ठासून सांगा. धोतऱ्याचं बोंड पोटात गेलं असेल तर तेही बरोबर न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने भिंतीवर वरात दिसते म्हणून सांगितलं, तर त्याला हसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.